चकरीत अडकलेला मामा

उदयसिंग ठेकेदाराच्या गाडीची काच फोडायला अंजनानं दगड उचलला होता. अजहरनं तिचं मनगट धरलं नसतं, तर तो सुटलाही असता.

"सोड मले," ती म्हणाली.

"काच फुटली तं तो म्हणीन, बाप दारुड्या अन् पोट्टी गुंड. मंग काय करशीन?"

अंजनानं दगड टाकला, पण राग टाकला नाही. आणि का टाकावा? तिचा बा सेवालाल म्हणजे पंचक्रोशीतला झाडावर चढणारा एक नंबरचा माणूस. बुधवारी सकाळी उदयसिंगच्या कामावर तो शाळेजवळच्या चिंचेची वाळकी फांदी उतरवायला चढला आणि खाली पडला. पाय मोडला. मंगरूळपीरच्या दवाखान्यात त्याला प्लास्टर घालून होईपर्यंत इकडे ठेकेदारानं शेलूबाजारच्या चहाच्या टपऱ्यांवर सांगूनही टाकलं की सेवालाल सकाळीच टाकून आला होता, आणि नशेत वाळक्या फांदीलाच दोर लावून बसला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! ज्या माणसानं लग्नाकार्यातही कधी घोटभर घेतली नाही, त्याच्याबद्दल हे. शुक्रवारी ग्रामपंचायतीत बैठक होती, आणि सेवालालला गावातल्या झाडांवर पुन्हा चढू द्यायचं की नाही, ते तिथं ठरणार होतं. एकदा दारुड्या म्हणून नाव पडलं की आसपासच्या कुठल्याच गावात त्याला कुणी झाडाला हात लावू देणार नव्हतं.

अंजना तणतणत घरी आली. मागोमाग अजहर आणि गोलू. उन्हाळ्याची सुट्टी असल्यामुळे ही तिघं दिवसभर एकत्रच असत. अजहरचे अब्बा युसूफचाचा पतंगाचा मांजा गुंडाळायच्या चकऱ्या बनवत. गोलू तिघांत लहान, आणि त्याचं तोंड सदा चालू, बोलायला नाहीतर खायला.

ओसरीत सेवालालचं सामान कुणीतरी आणून टाकलं होतं. अंजनानं त्यातून छोटी चकरी उचलली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

ही चकरी तिची. उंच झाडावर जाड दोर काही फेकता येत नाही. आधी बारीक दोरीला छर्‍यांची छोटी पिशवी बांधायची, ती मजबूत फांदीवरून पलीकडे फेकायची, आणि मग त्या दोरीनं जाड दोर वर ओढून घ्यायचा. पण बारीक दोरी भारी चावट. जरा नजर हटली की तिचा गुंता, आणि सगळी सकाळ गाठी सोडवण्यात जाते. म्हणून युसूफचाचांनी पतंगाच्या चकरीसारखीच, पण कमरेला खोचता येईल एवढी लहान चकरी करून दिली होती. ती सांभाळायची अंजनानं. मंगळवारी संध्याकाळी सेवालालनं पिशवी फेकली, तेव्हा दोरी तिनंच सोडली होती. दोरीवर दर पाच हातांवर लाल खूण होती. पिशवी वरच्या हिरव्यागार फांदीवरून खाली आली, तोवर आठ खुणा सुटल्या होत्या. दोरी तशीच झाडावर ठेवून, उरलेली चकरी बुंध्याला बांधून बापलेक घरी आले होते. बुधवारी सकाळी अंजना सोबत गेली नव्हती.

"वाळकी फांदी तं पाक खाली हाय," अंजना म्हणाली. "तिच्यावरून टाकली असती तं चारच खुणा सुटल्या असत्या. अन् हे पाह्य. हे मी गुंडाळलं नाई."

अजहरनं चकरी फिरवून पाहिली. चकऱ्यांच्या घरातच जन्मलेला तो. अंजना या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरपे, सारखे वेढे घाली, म्हणजे दोरी न अडकता सरसर सुटते. इथं मधोमध नुसता ढीग होता, आणि वेढे उलट्या बाजूनं.

"सगळी सोडून पुन्हा गुंडाळली कोणंतरी," तो म्हणाला.

"बानं नाई. त्याले तं उपड्या हातानंबी जमते."

"मंग सोडा ना. पाहू काय निंगते ते," गोलू म्हणाला आणि दोरीचं टोक धरून चालू लागला. कडुनिंबापर्यंत जाऊन तो परत आला, पुन्हा गेला. शेवटचे वेढे सुटले आणि दोरीला मारलेली एक घट्ट गाठ वर आली. गाठीत एक पितळी कडी होती आणि कडीला पिवळ्या फ्लेक्सचा फाटका तुकडा. तुकड्यावर एक माणूस काळा गॉगल लावून हसत होता.

गोलूचं चघळणं थांबलं. "हा तं माह्या मामा हाय."

आता सगळ्यांना आठवलं. बुधवारी उदयसिंगचा वाढदिवस होता! शेलूबाजारच्या चौकात त्याचा भलामोठा फ्लेक्स लागला होता. मधोमध हात जोडलेला तो, आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. तिघं सायकली काढून भर उन्हात चौकात पोचली. फ्लेक्सचा खालचा उजवा कोपरा गायब होता.

गोलूचा मामा हरीओम चौकातच मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. दोन दिवस तो रुसलेलाच होता. बावीस जणांचे फोटो राहिले आणि नेमका आपलाच फाटला, हे दुःख तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता. गोलूनं विचारायचा अवकाश, त्यानं सगळं सांगितलं. मंगळवारी रात्री फ्लेक्स आधी गावातच लावायचा होता. चिंचेला कसलीशी दोरी होती, तीच ओढून घेतली आणि तिनंच फ्लेक्स वर चढवला. वाऱ्यानं कोपरा फाटला, मग तो उतरवून इथं आणला. त्या दोरीवर दुसऱ्या दिवशी माणूस चढणार होता, हे मामाच्या गावीही नव्हतं. त्याला फक्त आपला फोटो दिसत होता.

अंजनाचे कान लाल झाले. वाढदिवसासाठी! एका माणसाच्या जिवाची दोरी ह्यांनी फोटो टांगायला वापरली, आणि वर त्यालाच दारुड्या म्हणाले. चोर तो चोर, वर शिरजोर. तिला वाटलं, तिथंच फ्लेक्सच्या चिंध्या कराव्यात. पण अजहरचं म्हणणं तिला पटत होतं: आज बोभाटा केला, तर संध्याकाळपर्यंत ठेकेदार मामाचं तोंड बंद करील.

"मामाले उद्या बैठकीले घेऊन ये," तिनं गोलूला बजावलं. "तुह्या फोटोचा तुकडा सापडला म्हणून सांग. बाकी तोंडातून शब्द काढला तं पाह्य."

गोलूसाठी ही शिक्षाच होती, पण त्यानं ती पाळली.

शुक्रवारी सकाळी युसूफचाचांनी सेवालालला ऑटोतून ग्रामपंचायतीसमोर आणलं. प्लास्टरचा पाय सीटवर लांब करून तो मान खाली घालून बसला. सरपंच रत्नमालाताईंनी उदयसिंगला विचारलं, मंगळवारी संध्याकाळनंतर त्या झाडाजवळ कोणी गेलं होतं का. उदयसिंगनं छातीवर हात ठेवून सांगितलं की कोणी नाही. दोरी सेवालालची, फांदी त्यानंच निवडली, आपण तर त्या दोरीला बोटही लावलं नाही.

अंजना उठली. ओरडावं असं तिला फार वाटत होतं. तरी तिनं आवाज खालीच ठेवला आणि तुकडा वर धरला.

"ताई, एवढं विचारा फक्त. हा फोटो कोणाचा हाय?"

"अरे, माह्याच तं!" हरीओममामा गर्दीतून पुढे घुसला. "उदयसिंगभाऊ, म्या म्हणलं होतं ना तुमाले, चिंचेवर त्या दोरीनं ओढू नका, फाटन म्हणून!"

मग अजहरनं गाठ आणि पितळी कडी दाखवली, चकरीवर दोरी कशी गुंडाळतात आणि ती कशी सापडली ते सांगितलं. रत्नमालाताईंनी दोनदा दरडावल्यावर उदयसिंगनं कबूल केलं. फ्लेक्स उतरवल्यावर सेवालाल ओरडेल म्हणून उदयसिंगच्या माणसांनी दोरीच्या टोकाची पिशवी वर भिरकावली, आणि ती ज्या फांदीवरून खाली आली तिथंच दोरी सोडून दिली. ती फांदी वाळकी आहे का, ते कोणी पाहिलं नाही.

अंजनानं वळून बापाकडे पाहिलं. आता तरी तो मान वर करील, चार शब्द सुनावील. सेवालालनं मान वर केली खरी, पण बोलला भलतंच.

"ताई, दारू म्या घेतली नाई. पण जाड दोर वर गेल्यावर दोघांनी त्याले लोंबकळून पाहावं लागते. उदयसिंगभाऊ घाई करून राह्यले होते, म्हणून म्या नाई पाह्यलं. थे चूक माही हाय."

"बा, तू काहून..." अंजनाचा संताप आता बापावरच उसळला. दोन दिवस ती जिवाचं रान करत होती, आणि हा स्वतःच्या तोंडानं चूक सांगत होता!

रत्नमालाताईंनी तिला जवळ घेतलं. "पोरी, चार लोकांत असं बोलणारा माणूस खोटं बोलत नाई. आता दारूची गोष्ट कोणाले खरी वाटन? गावातल्या झाडांवर तुह्या बापच चढन. अन् तुमी तिघांनी जे केलं, ते आमा मोठ्यांले सुचलं नाई. आमी ऐकलं अन् मानून घेतलं." युसूफचाचांनीही तिघांच्या पाठीवर थाप दिली.

उदयसिंग तेवढ्यात हात जोडून पुढे झाला. चुकलं म्हणाला, माफी मागतो म्हणाला. सेवालाल लगेच "जाऊ द्या भाऊ" म्हणणार, हे ओळखून अंजना मध्ये उभी राहिली.

"इथं नाई," ती म्हणाली. "बदनामी जिथं केली तिथं मागा."

रत्नमालाताईंनी मान डोलावली.

तासाभरानं शेलूबाजारच्या पहिल्या टपरीवर उदयसिंग चहा पिणाऱ्यांसमोर उभा होता. ऑटोत सेवालाल, ऑटोबाहेर तिघं. उदयसिंग खाली बघत काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाई आलं," अंजना म्हणाली.

"सेवालालनं दारू घेतली नव्हती," तो जरा मोठ्यानं म्हणाला. "म्या खोटं बोललो."

बाकावरच्या म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला आणि उठून ऑटोपाशी गेला. त्यानं सेवालालला राम राम घातला. मग टपरीवाला गेला, आणि मग बाकीचे. सेवालालचे डोळे भरून आले. अंजनानं ते पाहिलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या वळलेल्या मुठी सुटल्या.

"झालं ना आता?" उदयसिंगनं विचारलं.

"अजून सहा टपऱ्या हायेत," अंजना म्हणाली आणि पुढे चालू लागली.