देवीचा दिवा आणि लालासाहेबांची मोटार

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मानसिंग सायकलवरून आष्ट्याच्या आपल्या गॅरेजकडं निघाला होता, आणि वळणावर एक मोटार अजिबात आवाज न करता त्याच्या अंगावर आली. मागून चार गडी आणि खुद्द मालक लालासाहेब धोतर खोचून तिला ढकलत होते. ड्रायव्हर सणाला गावी गेलेला, म्हणून स्टेरिंगवर बसली होती लालासाहेबांची लेक अंजना.

"बाजूला व्हा की! ब्रेक कुठला त्ये मला ठावं न्हाई!"

मानसिंग बाजूला झाला, म्हणजे सायकलसकट उसाच्या पाटात गेला. मोटार बाभळीला टेकून थांबली. अंजना धावत आली, त्याच्या चिखलानं माखलेल्या मिशीकडं तिनं बघितलं, आणि... पदर तोंडाला लावून फिसकन हसली. अशा वेळी माणसाला राग यायला पाहिजे. मानसिंगला आला नाही. तिथंच त्याचं बिनसलं.

खरं तर गडी हुशार. खंडाळ्याकडचा, लढाईत फौजेच्या वर्कशॉपात घासून निघालेला. त्यानं हँडल मारलं, इंजिन लगेच धडधडलं. काटा बघितला, तर डायनामो बॅटरी नीट भरत होता.

"तारांची तोंडं गंजल्यात," म्हणून त्यानं ती घासून लख्ख केली. "उद्या सेल्फचं बटण दाबा मालक, हूं म्हणायच्या आत चालू."

उद्या सेल्फ दाबला. मोटारीनं हूं सुद्धा म्हटलं नाही.

"मिस्त्री, काय बी कर," लालासाहेब म्हणाले, "पर दसऱ्याला मोटार पायजे. अंजनाला माधवनगरचं स्थळ हाय. मोटार धाडली तरच येतो म्हणत्यात. पसंत पडली की त्याच दिशी सुपारी फोडायची."

मानसिंगच्या हातातला पाना त्याच्याच पायावर पडला.

मग तो रोजच यायला लागला. डायनामो खोलला, सेल्फ खोलला, पट्टा आवळला. हँडल मारलं की मोटार गुणी लेकरासारखी चालायची, दिवसभर शेतावर जाऊन यायची, आणि सकाळी पुन्हा मेलेली. गॅरेजातला केरबा तर विचारायचाच, "काय रं गड्या, लालासाहेबांच्या मोटारीचं बाळंतपण करायला बसलायस काय?"

आणि चहा घेऊन यायची ती अंजना.

"आज काय बिघडलंय?"

"डायनामोचं बुरूस झिजल्यात."

"काल तर पट्टा ढिला म्हणालासा."

"पट्टा बी हुता."

"आन् परवा?"

"परवा... चहात साखर लय हुती. ध्यान ऱ्हायलं न्हाई."

"साखर मीच घातली हुती."

"व्हय. म्हणून तर..."

तिनं मान वळवली, पण गेली नाही. मोटारीच्या पुढच्या फळीत एक खण होता, त्याला लाल पडदा. आत देवीचा टाक. गेल्या साली ओढ्यात मोटार घसरली आणि आत बसलेल्या अंबूबाई, म्हणजे लालासाहेबांच्या थोरल्या भगिनी, थोडक्यात वाचल्या. तेव्हापासून देवी मोटारीत. मिस्त्रीला त्यांची सक्त ताकीद होती, तेलकट हात पडद्याला लागता कामा नये. मानसिंग तारा सोडायला लागला की अंजना मात्र त्या पडद्याआड डोकं घालून बसायची. पोरगी भक्तिमान दिसते, असं तो बिचारा समजायचा.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी पाने, पकडी, सगळं हळदकुंकू लावून पाटावर. हत्याराला हात लावायचा नाही. रिकाम्या हातानं मानसिंग मोटारीपुढं उभा राहिला, आणि खोलायला काही नाही म्हटल्यावर पहिल्यांदाच डोकं चालवलं. बॅटरीची तार रोज सोडून ढिली झालेली. ती बोटानं उचलली आणि परत टेकवली.

चट्! ठिणगी.

सगळं बंद असताना ठिणगी? म्हणजे कोणीतरी बॅटरीतली वीज पीत होतं. त्यानं दोन बोटांनी, अगदी भीत भीत, पडदा सरकवला. देवीपुढं इवलासा बल्ब जळत होता.

"घावलं का?" मागून अंजना.

"ह्ये कुणी लावलं?"

"आत्तीनं. नवरात्राचा अखंड दिवा. ड्रायव्हर गावी जायच्या आदी त्येच्याकडनं बसवून घेतला."

"तुमाला ठावं हुतं?"

"दुसऱ्याच दिशी कळलं. पहाटं दिवा तांबडा पडतो. तुमी हँडल मारलं की लख्ख."

"आन् मी तार सोडायचो तवा? तवा तर इझत असंल!"

"तवा मी पडद्याआड निरांजन धरायची."

"पेट्रोलच्या मोटारीत निरांजन?" मानसिंगला घामच फुटला. "अवो, मग सांगायचं की मला!"

"सांगितलं असतं तर..." ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "तर तुमी आला असता व्हय रोज? उद्या मोटार माधवनगरला जाणार. आता तुमीच ठरवा. मिस्त्री तुमी."

त्या रात्री मानसिंगच्या डोळ्याला डोळा लागला नाही. गप्प बसावं, तर मिस्त्री म्हणवून घ्यायला तोंड उरत नव्हतं. सांगावं, तर अंजना जात होती.

दसऱ्याला लालासाहेब फेटा बांधून तयार. मानसिंग पुढं झाला.

"मालक, बिघाड घावला. आत देवीचा दिवा रातभर जळतो, जुनी बॅटरी पार थकून जाती. हँडल मारून आत्ता चालू करून देतो. पर..."

"पर काय?"

"मोटार माधवनगरला जाऊ नये, असं मला लय वाटतंय."

"का?"

"मला... अंजना पायजे, मालक."

लालासाहेबांच्या मिशा थरथरल्या. "आरं, तू इंजिन बघाया येत हुतास, का..."

"लाला, गप!" ओट्यावरून अंबूबाई कडाडल्या. "घट बसवताना म्या देवीपुढं पदर पसरला. पोरीचा नवरा दारात आणून दाव म्हणलं, दिवा इझू देणार न्हाई. रोज पहाटं दिवा तांबडा पडायचा आन् ह्ये पोरगं आलं, त्यानं हँडल फिरवलं, की लख्ख! येक दिस न्हवं, रोज! माधवनगरवाल्याला आणाया मोटार धाडाय लागती. ह्यो उपाशी पोटी सायकलीवर येतोय. देवीनं तुला आणखी कसं सांगायचं रं?"

मानसिंगमधला मिस्त्री जागा झाला. "आत्ती, त्येचं काय हाय, डायनामो फिरला की..."

अंजनाची टाच त्याच्या पायावर बसली. नेमकी पाना पडला होता तिथंच.

"काय म्हणतुयास?" अंबूबाईंनी विचारलं.

"काय न्हाई... देवीची किरपा, म्हणत हुतो."

लालासाहेबांनी बहिणीकडं बघितलं. बहिणीपुढं त्यांचं आजवर कधी चाललं नव्हतं, आणि लेकीचे डोळे भरलेले त्यांना दिसत होते. त्यांनी फेटा सारखा केला.

"गाव कुठलं तुझं?"

"खंडाळ्याकडं."

"आईबापाला आणाया तितक्या लांब जाईल का ही मोटार?"

"मी संगं असलो तर जाईल."

त्यानं वाकून हँडल मारलं. इंजिन धडधडलं, पडद्यामागं दिवा लख्ख झाला, आणि अंबूबाईंनी हात जोडले. त्या गडबडीत अंजना दाराशी आली.

"आल्यावर नवी बॅटरी बसवतो," मानसिंग हळूच म्हणाला.

"इतक्यात नगं," ती लाजून म्हणाली. "लगीन हुईस्तोवर... हीच ऱ्हाऊ द्या."