बुधवारचे डोळे

"डोळे पाहिजेत," मालविका म्हणाली.

नोव्हेंबरातली सकाळ, साडेसहाची वेळ. लातूरच्या कत्तलखान्याचं फाटक, तिच्या हातात थर्माकोलचा डबा आणि नाकावर घट्ट ओढणी. समोर रबरी बूट घातलेला तरुण डॉक्टर. मटण तपासून शिक्का मारायचं काम त्याचं, त्यामुळे बोटं जांभळ्या शाईने माखलेली. त्याने आधी डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"कुणाचे?"

"बकऱ्याचे. दहा. आत्ता काढलेले."

"लोक इथं कलेजी मागायला येतात," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "डोळे मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पत्र हाय का?"

पत्र होतं. तिच्या मार्गदर्शक चंद्रप्रभा मॅडमनी लिहिलेलं. काचबिंदूत डोळ्याच्या नसेला आधार देणाऱ्या पेशींवर प्रथिनांचा काय परिणाम होतो, या विषयावर ती संशोधन करत होती. त्याने ते ओळ न् ओळ वाचलं. ‘काचबिंदू’ या शब्दावर त्याची नजर जरा अडखळली, मग त्याने पत्राची घडी घातली. आत गेला आणि पंधरा मिनिटांनी स्टीलचा डबा घेऊन आला.

मालविकाने झाकण उघडलं आणि तिचा चेहरा पडला. "नस फारच जवळून कापलीय. मला नसच पाहिजे होती… बुबुळाचं काय करू?"

"असं व्हय." तो हसला. हसला की त्याच्या डाव्या गालावर खळी पडायची, हे तिला तेव्हाच कळलं — आणि कळायला नको होतं असंही वाटलं. "पुढच्या बुधवारी या. मी सोता काढून देतो. नस लांब ठेवून."

त्याचं नाव शिवशंकर. देवणीचा, शेतकऱ्याघरचा, जनावरांचा डॉक्टर.

मग दर बुधवार तसाच उजाडायला लागला. मालविका नांदेडची, लातूरच्या संशोधन केंद्रात शिकायला राहिलेली. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस ती पेशी वाढवायची, आणि त्या बहुतेक मरायच्या. पण बुधवारी सकाळी बर्फात ठेवलेले दहा डोळे, प्रत्येकाला बोटभर नस, आणि फाटकाबाहेरच्या टपरीवर दोन कप चहा तिची वाट बघत असत.

"ह्या नसेत काय शोधायलात?" एकदा त्याने विचारलं.

तिने चहाची गाळणी उचलून दाखवली. "डोळ्याच्या मागे नस जिथून बाहेर पडते ना, तिथं अशी जाळी असते. तिच्या भोकांतून नसेचे तंतू जातात. त्यांना सांभाळायला चांदणीसारख्या पेशी असतात. काचबिंदूत एक प्रथिन त्या पेशींना निरोप देत राहतं — बांधा, अजून बांधा. त्या बिचाऱ्या धागे विणत बसतात, जाळी कडक होते आणि तंतू चेंगरतात."

"आन थांबवणारं कोणी न्हाई?"

"आहे की. दुसरं प्रथिन. ते म्हणतं — बास, पुरे. माणसांच्या पेशींवर हे बघून झालंय. आपल्या बकऱ्यांच्या पेशी त्याचं ऐकतात का, ते मला बघायचंय. ऐकलं, तर पुढचे प्रयोग इथं, लातूरात करता येतील."

"आपल्या बकऱ्या," तो हळूच म्हणाला. "आपल्या म्हणालात."

मालविकाने चहाचा एवढा मोठा घोट घेतला, की जीभ पोळली.

डिसेंबरच्या शेवटी एका बुधवारी तिने त्याच्या डाव्या बाजूने चहाचा कप पुढे केला. त्याचा हात कपाला ओलांडून गेला. त्याने हसण्यावारी नेलं. पण थोड्या वेळाने डावीकडून एक सायकल अगदी अंगावर आली, तरी त्याला ती शेवटच्या क्षणापर्यंत दिसलीच नाही. मालविकाने बाही ओढून त्याला मागे घेतलं.

"इकडे या. समोर बसा," ती म्हणाली. नेत्र विभागात महिनाभर बसून ती ही तपासणी शिकली होती. "उजवा डोळा हातानं झाका. मी माझा डावा झाकते. आता माझ्याच डोळ्यात बघायचं. इकडेतिकडे नाही."

"इकडंतिकडं बघायचं कुणाला हाय?"

"गप्प बसा. बोट दिसलं की सांगा."

दोघं हातभर अंतरावर, एकमेकांच्या उघड्या डोळ्यात बघत बसले. त्याची पापणी लांब होती, बुबुळ मधासारखं. तिने बाजूने बोट हलवत आणलं. तिला ते केव्हाच दिसलं. तो मात्र बघतच राहिला — तिच्याकडे, शांत, सुखात… बोट जवळजवळ नाकाशी आलं, तेव्हा म्हणाला, "हां, दिसलं."

मालविकाचा हात खाली आला.

"घरात कुणाला काचबिंदू?"

तो उठला. "आप्पांना. दोन्ही डोळे गेले. सात वर्षं झाली."

"आणि तुम्ही कधीच तपासलं नाही? डॉक्टर असून?"

"डॉक्टर हाय म्हणूनच," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

पुढच्या बुधवारी तो नव्हता; रजा टाकून देवणीला गेल्याचं कळलं. डबा दुसऱ्याच कुणी आणून दिला, नसा आखूड. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. फोन लागायचा, पण उचलला जायचा नाही. आपण बोट हलवलंच नसतं तर, असं ती स्वतःला विचारायची आणि स्वतःवरच रागवायची.

आणि तिसऱ्या बुधवारी, दुपारी, सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या मालविकाचा श्वास अडकला. डिसेंबरात लावलेल्या पेशी जगल्या होत्या. ज्या बशीत एकटं पहिलं प्रथिन घातलं होतं, तिथं लाल रंगवलेल्या धाग्यांचं नुसतं रान माजलं होतं. जिथं दुसरंही घातलं होतं, तिथं चांदण्या मोकळ्या होत्या, मधे काळंभोर आकाश. तिने तीनदा बघितलं. मैत्रीण मंजुश्रीला बघायला लावलं. चंद्रप्रभा मॅडमनी चष्मा पुसून बघितलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलं की गं त्यांनी."

"मॅडम, मला आज सुट्टी पाहिजे," मालविका म्हणाली.

"आज? पेढे आणायला का?"

"देवणीला जायला."

बसमध्ये तिला जागा मिळाली होती, पण बसवत नव्हतं. खिडकीबाहेर पिवळी करडई पळत होती. काय बोलायचं ते तिने उदगीरपर्यंत तीनदा ठरवलं आणि पुढे सगळं विसरली.

गावात विचारत ती घरी पोचली, तेव्हा शिवशंकर घरामागच्या गोठ्यात होता, एका पांढऱ्या-काळ्या देवणी जातीच्या वळूचा खूर धरून. ती दिसताच खूर हातातून सुटला.

"तुम्ही इथं?"

"पेशींनी ऐकलं," ती धापा टाकत म्हणाली. फोन त्याच्यापुढे धरला. "हे बघा. हे एकटं, हे दोन्ही मिळून. दिसल्याबरोबर पहिलं तुम्हाला सांगावंसं वाटलं. फोन उचलत नाही तर काय करणार… आले."

तो फोटोकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते मावळलं. "तपासून घेतलं मी. डाव्याला हाय. उजव्यालाही सुरुवात. तुम्हाला काय सांगू, कळंना. रोज तेच बघता तुम्ही. शेवट काय होतो, ते माझ्यापेक्षा तुम्हाला ठाऊक."

"मला अर्धंच ठाऊक आहे. गेलं ते परत येत नाही. पण उरलेलं बहुतेकांचं टिकतं, थेंब नेमानं घातले तर. आप्पांना कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगितलंय."

"आन हे तुमचं दुसरं प्रथिन?"

"त्याला कितीतरी वर्षं लागतील. कदाचित औषध होणारही नाही. खोटं नाही बोलणार." तिने फोन खाली केला. "थेंब घालताय ना?"

तो ओशाळला. "वळू धरता येतो मला. सोताच्या डोळ्यात थेंब न्हाई पडत. निम्मे गालावर जातात. आता सहाचीच येळ हाय."

"आणा इकडे."

तो अंगणातल्या बाजेवर उताणा झाला. तिने ओढणी मागे टाकली, खालची पापणी बोटाने हलकेच ओढली. एक थेंब. दुसरा. त्याच्या कानामागे घाम आला होता… तिचा नेम चुकला नाही.

"आता मिटा. दोन मिनिटं उघडायचे नाहीत."

"मग बोलूनच घेतो. डोळे उघडे असले की तुमच्यापुढं मला काही सुधरत न्हाई." त्याचा आवाज खाली आला. "हे तीन बुधवार लई वाईट गेले. पुढं माझ्या डोळ्यांचं काय होईल, सांगता येत न्हाई. हे ठाऊक असून इचारायलोय… माझ्यासोबत राहता का, मालविका?"

वळूने मान हलवली, गळ्यातली घंटी वाजली. मालविकाला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"रविवारी नांदेडला ये," ती म्हणाली. "आमच्या घरी. पप्पांना भेटायला."

त्याच्या पापण्या थरथरल्या. तिने झटकन त्यांच्यावर हात ठेवला. "उघडू नकोस. व्हायचीत अजून दोन मिनिटं."

"मला ‘तू’ म्हणालीस," तो हाताखालून म्हणाला.

"म्हणाले."

आतून काठीचा आवाज आला. भिंत चाचपत मलप्पा, त्याचे आप्पा, दारात येऊन उभे राहिले. "शिवा, कुणासंगं बोलायलास रे?"

मालविका हात काढायला गेली. त्याने तो तिथंच धरून ठेवला.

"सांगतो, आप्पा," तो म्हणाला. "दोन मिनिटं थांबा."