कोंड्याचं पिंप

आईचं पिंप तिला तिच्या आईने दिलेलं. मीठ घातलेल्या, भाताच्या ओल्या कोंड्यात लोणच्यासाठी मुळे, काकड्या पुरायच्या आणि रोज सकाळी उघड्या हाताने तळापासून ढवळायचं. चार दिवस हात लागला नाही की सगळं सडतं. त्यामुळे जपानशी लढाई जुंपल्यावर इथल्या आम्हा जपान्यांना घरं सोडायचा हुकूम आला, तेव्हा शेतात स्ट्रॉबेरी पिकायला आलेली असूनही आई पिंपाचीच काळजी करत होती. शेवटी तिने ते शेजारच्या क्रँट्झबाईंच्या हवाली केलं. बाईंनी आमच्या घराची किल्ली घेतली आणि हात फडक्याला पुसला.

सरकारने आमची सोय रेसकोर्सच्या तबेल्यात केली. घोडे आधीच हलवले होते. त्यांच्यावर कुणाचा संशय नव्हता. आमच्या वाट्याच्या ठाणाला, म्हणजे एका घोड्याच्या जागेला, घाईघाईने चुना फासलेला. त्याखाली शेण, तांबडे आखूड केस आणि पाय पसरलेला एक कोळी, जसाच्या तसा. उन्हं चढली की भिंतींना मुताचा वास सुटायचा.

आई रोज सकाळी बाही वर सारून गवताच्या गादीत कोपरापर्यंत हात घालायची आणि ढवळायची. हाताची सवय, मी म्हणायचो. पण नंतर त्या हाताला आंबूस वास यायचा, ताज्या कोंड्याचा. शेजारच्या ठाणातल्या ओकुबोकाकूंनी तिला संडासाच्या रांगेत धरलंच एकदा.

"लोणचं एकटीच खातेस होय गं? आणि आम्ही नुसते उकडलेले बटाटे गिळतोय."

आई हसली. त्याच उन्हाळ्यात ती जुलाबांनी गेली. त्याच गादीवर.

लढाई संपल्यावर मी गावी परतलो. न्हाव्याच्या दुकानावरची 'जपान्यांना मज्जाव' ही पाटी जागेवर होती. तिला नवा रंगही दिला होता. आमच्या घरात आता क्रँट्झबाई राहत होत्या. आईच्या भाताच्या वाडग्यातून कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. घराचं वकील बघतील, आज फक्त पिंप द्या, असं मी सांगितलं.

"ने बाबा ती घाण," त्या म्हणाल्या. "कोठीला कुलूप लावलं, वर खिळे ठोकले. तरी रोज सकाळी आत कुणीतरी ढवळतंय. मग दिवसभर घरात तबेल्याचा वास. माझ्याकडे घोडा नाही रे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझी आई कुठंय?"

"गेली. तेव्हाच, पहिल्या उन्हाळ्यात."

बाईंनी वाडगा खाली ठेवला.

मी खिळे उपटले. कुलूप गंजलेलं होतं, ते दगडाने तोडलं.

पिंपाचं झाकण बाजूला काढून ठेवलेलं. कोंडा पिवळा, मऊ, नीट थापलेला. वर एक काकडी, हिरवीगार. मी चाखली. आईच्याच हाताची चव.

बाही वर सारून मी हात घातला. तळाशी ऊब होती.

मूठ बाहेर काढली, तर बोटाला काहीतरी चिकटलं होतं. आखूड, तांबडा केस.

त्याच्या टोकाला चुना होता, अजून ओला.