झाड कोणाचं पडलं

तुम्ही खोटं बोललात. 'वादळाचा अंदाज अनिश्चित, पुढील सूचनेची वाट पाहा' हा निरोप तुम्ही दिवसभर किनाऱ्यावरच्या प्रत्येक फोनवर धाडत राहिलात. त्यातलं 'वाट पाहा' एवढंच खरं होतं. तुमचं नाव इथे लिहिलेलं नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

वेळशेतची माणसं मात्र त्या दिवशी मजेत होती, हेही सांगायलाच हवं. गावच्या निवारा केंद्राच्या वरच्या मजल्यावर, हातभर जाड भिंतींच्या आत, सगळा गाव जमला होता. झुलेखाभाभीनं फणसाची सांदणं आणली होती. कोणाच्या तरी डब्यातून सुक्या बांगड्याच्या चटणीचा वास सुटला होता. कोपऱ्यात झब्बूचा डाव रंगला होता. पूर्वी वादळ म्हटलं की कोणाला पत्ते सुचत नसत. समुद्रात शीतनौका फिरायला लागल्यापासून लोक सैलावले होते.

शीतनौका म्हणजे पंप बसवलेली, बिनमाणसांची जहाजं. खोल समुद्रातलं गार पाणी उपसून ती वर पसरवतात. चक्रीवादळ तापलेल्या पाण्यावर पोसतं. ते पाणी गार झालं की त्याचं खाणं तुटतं आणि जोर उतरतो. जाहिरातीत एवढंच सांगत : जोर उतरतो. त्यापुढे काय होतं ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं.

कुमुद तोडणकर हातातले पत्ते विसरून फोनवरचा नकाशा बघत बसली होती.

"वैनी, डोळे लावून बसलात म्हणून वादळ लवकर नाय येणार. पत्ता टाका," गफूर परकार म्हणाला. त्याची वाडी तिच्या वाडीला लागून होती. मध्ये एक कुंपण, आणि त्या कुंपणावरून दोघांचं अर्ध्या आयुष्याचं भांडण.

"गफूरभाय, निसर्ग वादळाच्या वेळी नकाशावरचा हा पट्टा वादळ जवळ येईल तसा निमुळता होत गेला होता. दाराशी आलं तेव्हा सुतळीएवढा राहिला. हे बघा, आज दोन फाटे आहेत. एक आपल्यावर, एक खाली दक्षिणेला खारवणे गावावर. सकाळपासून हलले नाहीत."

"फयानला कुठला आलाय नकाशा? मी आपला मुरंबा खात बसलो होतो. वर बघतो तर छप्पर नाय."

"मुरंबा नाही ना सोडलात?"

"का सोडू? पाक थोडा पातळ झाला, एवढंच."

झुलेखाभाभी म्हणाली, "छप्पर गेलं ते यांना मी सांगितलं. यांचं लक्ष बरणीत."

सगळे हसले. कुमुदही हसली, पण अंगठा नकाशावरच होता. निसर्ग वादळात तिची सुपारीची सगळी बाग आडवी झाली होती. उरली होती ती बुंध्यांची खुंटं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं नवी रोपं लावली. पहिला घड धरायच्या आत नवरा गेला. आता ती झाडं भरात होती, आणि तिच्या वयाला तिसऱ्यांदा बाग उभी करणं जमण्यासारखं नव्हतं. गेली तर गेलीच.

निसर्गमध्ये तिची बरीचशी झाडं कुंपण मोडून गफूरच्या वाडीत पडली होती. तिथे वेळशेतची रीत आडवी आली. आपलं झाड दुसऱ्याच्या वाडीत पडलं तर ते तोडून उचलायला आपण जायचं, आणि शेवटचा ओंडका बाहेर निघेपर्यंत त्या घरचं पाणीही प्यायचं नाही. उलट, नुसतंच मदतीला गेलेलं माणूस पहिल्यांदा चहा घेतं, मग कामाला लागतं. नाही घेतला तर त्या घरचा अपमान. कुमुद कोयता घेऊन गेली. जूनचं ऊन मी म्हणत होतं. गफूर पायरीवर बसून, तिला दिसेल असं, घोट घोट कोकम सरबत प्यायला होता. शेवटचा ओंडका निघाला तेव्हा झुलेखाभाभीनं चहाचा कप पुढे केला. त्या चहानंतर दोघांचं भांडण चालू राहिलं, पण त्यातलं विष गेलं.

खिडकीबाहेर समुद्र शिशासारखा झाला होता. कुमुद उठून बाजूला गेली आणि तिनं भाच्याला फोन लावला. निनाद तिच्या भावाचा मुलगा. शीतनौका चालवणाऱ्या कक्षात तो कामाला होता.

"निनाद, तुझ्यासमोर तर सगळं दिसत असेल. इकडे येतंय की तिकडे जातंय?"

"आत्या, ते अजून ठरलं नाही."

"ठरलं नाही म्हणजे? अंदाज ना तो?"

निनादनं दार लोटून घेतल्याचं ऐकू आलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "अंदाज कालच संपला. ज्या बाजूचं पाणी आम्ही गार करू, तिकडून ते अंग चोरतं आणि दुसरीकडे वळतं. चरून झालेल्या कुरणातून जनावर वळतं तसं. गार पट्टा तुमच्यासमोर टाकायचा की खारवण्यासमोर, याचा हुकूम यायचाय."

"कोणाचा हुकूम?"

"वरून. आणि हे मी बोललो नाही, तू ऐकलं नाहीस."

फोन बंद झाला. कुमुद जागेवर येऊन बसली. नकाशावर ते दोन फाटे तसेच होते. तिनं काय केलं ते झाकायचं कारण नाही. तिनं अंगठा वेळशेतवर ठेवला आणि फाटा खाली ढकलला. काचेवर अंगठा घासल्यानं काही होत नाही हे तिला कळत होतं. तरी तिनं परत ढकलला.

तिन्हीसांजेच्या आधी फोन वाजले. वादळ दक्षिणेकडे वळलं होतं. वेळशेतला नुसता जोराचा पाऊस झाला. कोणीतरी शिट्टी मारली, झुलेखाभाभीनं उरलेली सांदणं वाटली, आणि गफूर म्हणाला, "वैनी, आता तरी पत्ता टाका." कुमुदनं टाकला, आणि तो डाव जिंकलीही. घरी येऊन ती बागेत फिरली. झाडांची पानं ठिबकत होती. एकेका बुंध्यावर हात ठेवत ती शेवटपर्यंत गेली. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सकाळी खारवण्याची चित्रं आली. माणूस कोणी गेलं नव्हतं. बागा गेल्या होत्या. बुंधे एकाच दिशेला झोपले होते, निसर्गनंतर तिचे झोपले होते तसे.

तिनं तुम्हाला फोन केला. आठवतंय? तुमच्या माणसानं सांगितलं, "वादळानं नैसर्गिक मार्ग घेतला, मॅडम."

"शीतनौका काल कोणासमोर उभ्या होत्या?"

"ती माहिती गोपनीय आहे."

"अहो, मी भांडायला नाही विचारत. मला कोयता घेऊन जायचंय, म्हणून विचारते."

त्याला काही समजलं नाही. त्यानं फोन ठेवला.

कुमुदनं कुंपणावरून हाक मारली. निनादचं नाव न घेता तिनं गफूरला सगळं सांगितलं. गफूर कुंपणाची काठी धरून पुढे वाकला. "म्हणजे त्यांच्या वाडीत आपलंच झाड पडलं म्हणायचं?"

"तेच तर कळत नाही. हुकूम आला, की यायच्या आधीच वादळ आपलं आपण वळलं, कोण सांगणार?"

"मग जायचं कसं? मदतीला, की उचलायला?"

"जाऊ तर आधी."

टेम्पोत कोयते, दोर, ताडपत्र्या, झुलेखाभाभीनं बांधून दिलेल्या भाकऱ्या, आणि घरच्या पाण्याचे दोन कॅन. पाण्याचं दोघांपैकी कोणी काही बोललं नाही. वाटेत गफूरनं कुंपणाचा विषय काढला आणि कुमुदनं त्याला गप्प केलं, म्हणजे सगळं नेहमीसारखं होतं.

खारवण्यात पहिल्याच वाडीत शैला गुरव नावाची बाई पडलेल्या झाडांमधून वाट काढत पुढे आली. घराचं छप्पर अर्धं होतं, चूल मात्र पेटलेली होती. कोयते खाली उतरायच्या आत तिनं दोन कप आणले.

"एवढ्या लांबून आमच्यासाठी आलात, ताई. आधी चहा घ्या."

गफूरनं कुमुदकडे बघितलं. ते पायरीवरचं सरबत त्याला आठवलं असावं, कारण तो कपाकडे बघेना.

कुमुदचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. घेतला, आणि झाड आपलं निघालं, तर ज्या घराची बाग आपण पाडली त्याचाच चहा ती प्याली. नाही घेतला, आणि वादळ आपलं आपणच वळलं असलं, तर उजाड दारात उभ्या असलेल्या बाईचा तिनं अपमान केला. शैला हसत होती, पण कप धरलेला हात आता अवघडायला लागला होता.

तुमच्याकडे नौकांच्या जागेची नोंद आहे. हुकूम कोणी दिला आणि कधी दिला, तेही आहे. नुकसानभरपाई कोणी मागितलेली नाही. माफीही नको. एवढंच सांगा : खारवण्यातलं झाड आमचं आहे की नाही?

लवकर सांगा. चहा निवतोय.