पेडलवरचा पाय

मर्लच्या हातात पाना म्हणजे माकडाच्या हातात कोलीत, हे ऑरिन हॉगनचं फार जुनं मत. मर्ल हा त्याचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा, सिग्नीचा नवरा. त्या सकाळी तो गॅरेजच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला, तेव्हा ते मत आणखी पक्कं झालं.

"ब्रेकचा दगड झालाय रे," मर्ल म्हणाला. "मास्टर सिलिंडर नवा टाकला. पॅड नवे टाकले. तरी पेडल हलत नाही. अक्षरशः उभं राहावं लागतं त्याच्यावर."

"वा! आणि डोकं? ते नव्हतं का दुकानात?"

मर्ल ओशाळं हसला. ऑरिनला ते हसूही आवडत नसे. मार खाल्लेल्या कुत्र्याने शेपूट हलवावी तसलं हसू.

बाहेर बर्फाने माखलेली पिकअप उभी होती. रस्त्यापलीकडे ऑरिनचं घर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी कोट चढवून बसलेली सिग्नी. तिच्या मूत्रपिंडांनी दोन वर्षांमागे हात टेकले होते. एक दिवसाआड रक्त यंत्रातून धुऊन घ्यावं लागे, आणि ते यंत्र घाट उतरून खालच्या शहरात. मागची खेप वादळामुळे हुकली होती. पावलं सुजून बुटात मावत नव्हती, ओठांवर राखाडी झाक आली होती. आजची खेप हुकली तर पुढच्या खेपेची गरजच उरणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघंही त्याबद्दल बोलत नव्हते. ऑरिनची स्वतःची पिकअप कोपऱ्यात गिअरबॉक्स उघडून पडलेली. दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याची गाडी कधी धड असते का?

"मागे हो," तो म्हणाला. "हात लावू नकोस कशाला."

पिकअप गॅरेजात घेऊन त्याने इंजिन बंद केलं आणि पेडल दाबदाबून बूस्टरमधली, म्हणजे पायाला जोर देणाऱ्या डब्यातली, उरलीसुरली हवेची ओढ संपवली. मग पाय तसाच ठेवून किल्ली फिरवली. ब्रेक धडधाकट असेल तर इंजिन सुरू होताच पेडल जरासं खाली उतरतं, दमलेला माणूस खुर्चीत टेकावा तसं. हे उतरलं नाही. उलट त्याच्या बुटाला खालून हलकेच कसलासा रेटा आला. एकदा. मग पुन्हा. भाजी घेणारीने टोमॅटो चाचपावा तसा.

ऑरिनने पाय काढला. पेडलकडे पाहिलं. काळं रबर, चिखल, बाकी काही नाही.

"काय झालं?" मर्ल.

"तुझं कर्तृत्व बघतोय."

बॉनेटखाली त्याचं बोट इंजिनापासून बूस्टरकडे जाणाऱ्या रबरी पाईपवरून फिरत गेलं. वाकणाखाली, जिथे नजर पोचत नाही तिथे, चीर होती. बोट ठेवलं की फुसफुस थांबे.

"हे बघ. सगळा जोर इथून वाऱ्यावर. आणि हा शहाणा सिलिंडर बदलत बसला! नाचता येईना अंगण वाकडं."

"पण ऑरिन, ते सारखं नाही होत रे. घाटातच होतं. वरच्या वळणावर तर असं वाटतं की कोणीतरी आधीच—"

"आधीच काय?"

"काही नाही."

नवा पाईप बसला. पेडल खाली उतरलं, अगदी लोण्यात सुरी जावी तसं. पण फार खाली. सिलिंडर बदलताना मर्लने नळ्यांत हवा शिरू दिली होती. आता ती काढणं आलं, आणि त्याला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी.

"बस आत. मी सांगेन तेव्हा दाबायचं, सांगेन तेव्हा धरायचं. एवढं जमेल?"

ऑरिन मागच्या चाकाशी आडवा झाला. गॅरेजचा हीटर मोठ्याने घरघरत होता. त्याने पाना लावला, नळीचं टोक बाटलीत सोडलं.

"दाब. दाब. दाब. धर!"

"धरलं!"

पण मर्लचा पाय म्हणजे गाढवाची लाथ. आधी घाई, मग कुचराई. बाटलीत फेसच फेस. ऑरिन शिव्या देत दुसऱ्या चाकाशी सरकला.

तिथे मात्र पायाला लय सापडली. दाब, दाब, दाब, धर. जात्याला समोरासमोर दोघी बसाव्यात आणि एकीचा हात थांबतो तिथून दुसरीने ओढावं, तसं काम चालू झालं. आतून येणारी उत्तरंही थांबली. नळीतून ऑईल स्वच्छ, सावकाश येऊ लागलं.

"आज पहिल्यांदा तोंड बंद ठेवलंस," ऑरिन म्हणाला. "असंच जग. बरं दिसतं."

तिसरं चाक. चौथं. शेवटच्या खेपेला तो "धर" म्हणायच्या आतच पेडल धरलं गेलं होतं. इतका चांगला पाय त्याला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

"शाबास रे मर्ल," तो म्हणाला. शब्द तोंडातून निघून गेला तेव्हा त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मग त्याने हीटर बंद केला आणि दाराबाहेर बर्फावर बूट वाजले.

मर्ल रस्ता ओलांडून येत होता. एका हातात घोंगडी, दुसऱ्याने सिग्नीला सावरलेलं.

"दुसरं चाक सुरू झालं तेव्हाच गेलो मी," तो म्हणाला. "हिने खिडकीतून हात केला. तुला ओरडून सांगितलं की."

ऑरिनने वळून गाडीच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

मर्ल आत चढू लागला आणि अडकला. "सीट कोणी पुढे ओढली? माझे गुडघेच मावत नाहीत."

"तूच ओढली असशील, गाढवा."

त्याने मर्लला बाजूला सारलं आणि स्वतः पेडल दाबून पाहिलं. निर्दोष. अंगणात गाडी फिरवली, थांबवली, फिरवली. निर्दोष.

"ऑरिन," मर्ल हळूच म्हणाला, "आज तू चालवतोस का? घाटापुरतं?"

चालवायला हवं होतं. पण का, ते मर्लसमोर सांगावं लागलं असतं.

"मी केलेलं काम आहे ते," ऑरिन म्हणाला. "आता तुझ्यासारख्यालाही चालवता येईल."

दुपारी फोन आला. सिग्नीचा आवाज धुतल्यासारखा हलका होता.

"झालं रे सगळं. निघतोच आता. आणि ब्रेक किती छान झालेत! मर्ल म्हणतो, घाटात पाय लावावाच लागला नाही. वळण आलं की गाडी आपली आपणच दमाने घेई."

"मर्ल मूर्ख आहे. खालच्या गिअरमध्ये उतरला असेल."

"असेल. इथेच झोपलाय, माझ्या शेजारी. खिडकीतून गाडी दिसते मला. मागचे ब्रेकचे लाल दिवे लागलेत."

"स्विच अडकला असेल."

"मग विझून पुन्हा लागले नसते."

ऑरिनने टेबलाची कड धरली.

"गाडीत कोण आहे, सिग्नी?"

"कोणी नाही. किल्ली मर्लच्या खिशात आहे." आवाज खाली आला. "ड्रायव्हरच्या बाजूची काच तेवढी वाफेने धुरकटलीय. आतून."

"मर्लला उठव. त्या गाडीत बसू नका. ऐकतेस ना?"

"थांब," सिग्नी म्हणाली.

खुर्ची सरकल्याचा, मग तिची पावलं खिडकीशी गेल्याचा आवाज आला.

"कोणीतरी आतून काच पुसतंय, ऑरिन. आम्ही येतोय का, ते बघायला."