दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

"हात्तिच्या!"

कोणीतरी काउंटरवर जड खोकं ठेवलं, त्याची वायर स्वतःच्याच पायात अडकवून घेतली, आणि पडता पडता सावरत हा उद्गार काढला. बाकी काही झालं नाही. पण दुकानाच्या मागच्या भागात टेबलाशी बसलेल्या मुलीच्या हातातलं सोल्डरिंग जागच्या जागी थांबलं, आणि कथलाचा तापलेला थेंब एका चांगल्या रेडिओत भलत्याच जागी पडला.

सहा वर्षांत असं झालं नव्हतं. तिला सगळे ठिणगी म्हणत. दुरुस्तीच्या कामामुळे म्हणतात, असं ती सांगे. जिभेमुळे म्हणतात, असं तिची आई सांगे. आईचं खरं होतं. बापामागे दुकान मायलेकींनी सांभाळलेलं. काउंटर आईचा, हत्यारं लेकीची. ठिणगीच्या हातून गेलेला स्पीकर परत आला नाही, आणि "माझं चुकलं" हे दोन शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकले नाहीत. पोरीला दोन्हींचा सारखाच तोरा.

ती उठून पडद्याआडून बाहेर आली. उंच, जरा वाकलेला, केसांवर पावसाचे चार थेंब आणि चेहऱ्यावर ओशाळं हसू घेऊन तो उभा होता. पाठीला गिटार.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. वायर अडकली तेव्हा."

"अहो... चुकून गेलं तोंडातून. शिवी नव्हती ती."

"शिवी असती तर आईने तेव्हाच बाहेर काढलं असतं. म्हणा."

तो आईकडे बघायला लागला. आईने त्याला जराही आधार दिला नाही. शेवटी बिचारा हळूच म्हणाला, "हात्तिच्या."

ठिणगीने काउंटरला हात टेकला. तोच! शंभर टक्के तोच!

आता यात एवढं काय, ते सांगायला हवं. दुकानात एक कॅसेट होती. बारा जुनी, गाजलेली पॉप गाणी, पण गाणारं कोणी नाही, नुसती गिटार. तीही कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या ढंगाची. तार बोटाने ओढून अशी वाकवायची की सूर लाडात आल्यासारखा वर चढतो. दुरुस्त झालेला प्रत्येक स्पीकर ठिणगी याच कॅसेटवर तपासायची. गाणाऱ्याच्या आवाजामागे स्पीकरचे दोष लपतात, तारेच्या आवाजामागे लपत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात, शेवटच्या लांब सुरावर वाजवणाऱ्याचं बोट घसरायचं. मग अगदी हलकेच, श्वासाएवढ्या आवाजात, तो म्हणायचा, "हात्तिच्या!" मोडक्या-फुटक्या स्पीकरवर ते ऐकू येत नसे. ऐकू आलं की स्पीकर पास. गिऱ्हाइकंसुद्धा विचारत, "हात्तिच्या झाला का आमचा?"

सहा वर्षं दिवसातून चार वेळा तो आवाज तिने कान देऊन ऐकला होता. नवऱ्याचा आवाज बायकोने इतका ऐकलेला नसतो.

"ती कॅसेट तुमची," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "तुमच्याकडे आहे? अरे देवा. ती एकदाच काढली आणि फसली. निम्म्या माझ्या मामाने घेतल्या, त्याला ऐकू कमी येतं म्हणून. त्या एका चुकीपायी मी दुसरी काढलीच नाही."

"आमच्याकडे तीन आहेत. दोन झिजल्या." आणि तिने त्याला सगळं सांगितलं.

तो आधी लाजला, मग हसायला लागला. "म्हणजे सहा वर्षं मी तुमच्याकडे नोकरीला आहे. आणि मला माहीत नाही!"

"एक दिवस खाडा नाही," ती म्हणाली. "चांगला कामगार आहात. खोक्याला काय झालंय?"

खोकं म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अँप. घूं घूं करत होता. तिने मागची पट्टी उघडून पाहिली, आणि म्हणाली, "चार दिवसांनी या."

तो गेल्यावर आई म्हणाली, "एक सुटलेली वायर. तासाचं काम."

"नीट करायला वेळ लागतो."

"हो, मला दिसलं काय नीट करायचंय ते," आई म्हणाली, आणि पावतीपुस्तकात तोंड घालून हसली.

चार दिवसांनी तो आला. अँप उत्तम झाला होता. दोन दिवसांनी पुन्हा आला: बटण सैल वाटतं म्हणे. मग म्हणे, जास्तच घट्ट झालंय. पुरुषमाणसाला एक गोष्ट सरळ सांगायची असली की तो आधी सतरा बटणं पिळतो. पण ठिणगीलाही कुठे घाई होती? ती सोल्डरिंग करायची, तो स्टुलावर बसून नुसत्या बोटांनी गिटार वाजवायचा, आणि आई मध्ये पडदा अर्धा उघडा ठेवायची. पुरता उघडा नाही, पुरता बंदही नाही.

"गाणं शहरातलं असतं," तो एकदा म्हणाला. "नटलेलं, घाईतलं. मी त्याला जरा मोकळ्या माळावर नेतो, फिरवून आणतो."

"आणि गाणाऱ्याला कुठे सोडता?"

"वेशीवर. फार बोलतात ते लोक."

"तुम्ही कुठे कमी बोलता?"

"मी? मी तर मुद्द्याचं अजून काही बोललोच नाही," तो म्हणाला... आणि एकदम तार पिळायला लागला. ठिणगीने मान खाली घातली. रेडिओत बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिली.

"ते तिसरं गाणं," ती मग म्हणाली, "मला फार आवडतं. कोणीतरी शीळ घालत घरी चाललंय असं वाटतं."

"ते रडकं गाणं आहे हो! ती त्याला सोडून जाते. मूळ गाण्यात आख्खं कडवं तो रडतो."

"खोटं."

"शपथ. माझ्या हातालाच खोड आहे. कितीही रडकं गाणं घेतलं तरी ते हसायला लागतं."

"असू दे तसंच," ती म्हणाली. "रडणारे पुष्कळ आहेत."

पण तसं राहणार नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तो आला तोच घुटमळत. एका वाद्यवृंदाने त्याला बोलावलं होतं. तीन महिन्यांचा दौरा, गावोगाव. आणि जाण्याआधी तीच बारा गाणी तो नव्याने ध्वनिमुद्रित करणार होता. "या वेळी स्वच्छ," तो म्हणाला. "हात्तिच्या नाही."

ठिणगीचा पारा चढला. "मग मी स्पीकर कशावर तपासू? तुमच्या स्वच्छपणावर?"

"एवढा राग?"

"राग कसला. माझं कामाचं हत्यार मोडताय, म्हणून विचारलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग काहीतरी मनाशी ठरवल्यासारखा हसला आणि निघून गेला.

मंगळवारी नवी कॅसेट घेऊन आला. कान लाल झालेले. "ऐका," तो म्हणाला. "दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं तर... नीट ऐका. शनिवारी चारची गाडी आहे. त्याआधी अँप घ्यायला येतो. आणि तुमचं... म्हणजे मत. तुमचं मत ऐकायला."

त्या संध्याकाळी आई वर घरात गेल्यावर ठिणगीने दुकानाच्या टेपवर ती कॅसेट लावली. टेपच्या शेजारी दुकानाचा स्वतःचा जुना स्पीकर होता, त्याच्याजवळ जाऊन बसली. तिसरं गाणं आलं. लांब सूर आला... बोट घसरलं नाही. सूर संपला, थोडी खरखर झाली, आणि चौथं गाणं सुरू झालं. तिने तीनदा मागे फिरवून ऐकलं. काही नाही. पुसलेल्या फरशीसारखं लख्ख.

तिला वाटलं होतं, निदान तिच्यासाठी तो ती एक चूक ठेवील. कॅसेट तिने खणात टाकली आणि खण असा आपटला की वरून आईने विचारलं, "काय फुटलं?"

"काही नाही!"

शनिवारी तीनला तो आला. इस्त्रीचा शर्ट, पाठीला गिटार. ठिणगीने अँप काउंटरवर ठेवला, वर कॅसेट ठेवली.

"ऐकलीत?"

"ऐकली."

"तिसरं गाणं?"

"तीनदा."

"मग... काय म्हणता?"

"काय म्हणायचं? काहीच नाही त्यात," ती म्हणाली. "मला नको ही. जुनी बरी होती."

त्याने कॅसेट काउंटरवर सारून अँप उचलला. "बरं," म्हणाला. "विचारून पाहिलं, एवढंच. राग मानू नका." आणि गेला. जाताना वायर पुन्हा पायात आली, पण या वेळी तो काही बोलला नाही.

आई दारापर्यंत जाऊन बघून आली. "हा असा का गेला? घरचं कोणी गेल्यासारखा?"

"मला काय माहीत."

तेवढ्यात समोरचे सलूनवाले काका आपला मोठा स्पीकर न्यायला आले. ठिणगीने कालच त्याच्या आतला फाटलेला कागदी पडदा बदलला होता. "हात्तिच्या ऐकवा आणि द्या," ते म्हणाले. ठिणगी वायरी जोडत होती; आईच्या हाताला काउंटरवरची कॅसेट लागली, तिने तीच लावली.

तिसरं गाणं. लांब सूर. मोठ्या स्पीकरने तो असा उचलला की काचा शहारल्या. सूर विरला. आणि त्याच्या मागून, श्वासाएवढ्या आवाजात, पण शब्द न् शब्द स्पष्ट:

"ठिणगीबाई... जन्मभर भांडाल का माझ्याशी?"

आईने टेपवर हात ठेवला.

"हे नवीन दिसतंय," काका म्हणाले.

"मागे घे," आई म्हणाली. तिने स्वतःच मागे घेतलं आणि पुन्हा ऐकलं. मग लेकीकडे वळली. "हे ऐकून तू त्याला म्हणालीस, काही नाही त्यात?"

"नव्हतंच ते! आई, शपथ, मी तीनदा—"

"कशावर ऐकलंस?"

ठिणगीचं बोट दुकानाच्या जुन्या स्पीकरकडे गेलं. आणि तिथेच राहिलं.

आईने जुनी कॅसेट काढली, त्या जुन्या स्पीकरवर लावली, तिसरं गाणं आणलं. लांब सूर, घसरलेलं बोट, खरखर... बस्स. हात्तिच्याचा ह सुद्धा नाही. आईने पुढची जाळी काढली. आत कागदी पडदा बोटभर फाटलेला.

"दोन वर्षं सांगतेय, आपला स्पीकर बघ, आपला स्पीकर बघ," आई म्हणाली. "गावाचे सगळे तपासलेस. घरचा तपासायला कमीपणा वाटला. माझ्या दुकानातला स्पीकर बिघडेलच कसा, होय ना?"

ठिणगीने घड्याळ पाहिलं. पावणेचार. एप्रनसकट ती धावत सुटली. मागून आई ओरडली, "चप्पल तरी सरळ घाल!" डावी उजव्यात, उजवी डाव्यात गेली होती.

स्टँडवर गाडीचं इंजिन सुरू झालं होतं. ठिणगी धापा टाकत आत चढली. निम्म्या गाडीने तिच्याकडून रेडिओ दुरुस्त करून घेतलेले. शेवटच्या बाकावर तो बसला होता, मांडीवर अँप, नजर खिडकीबाहेर.

"इतक्या हळू विचारतात का कोणाला?" ती म्हणाली.

तो दचकून उठला, डोकं वरच्या फळीवर आपटलं. "तुम्ही... तुम्ही तर ऐकलं होतं ना?"

"नाही ऐकलं."

"पण मी मुद्दामच तेवढा आवाज ठेवला होता. चांगल्या स्पीकरवर ऐकू येईल, बाकी कुठे येणार नाही. म्हटलं, गावात सगळ्यात चांगला स्पीकर तुमच्याकडेच असणार..."

गाडीभर माना वळल्या. पोस्टातल्या बाई, शाळेचे गणिताचे सर, सगळे. खोटं बोलता आलं असतं. रस्त्यावर गोंगाट होता, टेपचं हेड खराब होतं, काहीही. आयुष्यभर तिने दोष दुसऱ्याच्या यंत्रात शोधला होता.

"आमच्या दुकानाचा स्पीकर फाटलाय," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. माझं चुकलं."

गणिताच्या सरांनी चष्मा काढून पुसला, इतकं त्यांना नवल वाटलं.

"आता नीट ऐकलंत?" त्याने विचारलं. आवाज परत श्वासाएवढाच.

"ऐकलं. सलूनच्या स्पीकरवर. काकांनी पण ऐकलं, आईने तर दोनदा."

"मग?"

"मग भांडेन की! आत्ता सुरू करते. एक तर मला अहोजाहो थांबव. जन्मभर भांडायचं आणि 'तुम्ही' म्हणायचं, जमायचं नाही. दुसरं, गोष्ट कॅसेटमध्ये लपवून विचारलीस. सरळ तोंडाने विचारली असतीस तर जीभ झडली असती?"

"झडली असती," तो म्हणाला. "तुला बघून रोज थोडी थोडी झडत होती."

ती हसली. तेवढ्यात कंडक्टर दारातून ओरडला, "बाई, येताय की उतरताय? घंटी द्यायचीय!"

"उतरतोय!" दोघं एकदम म्हणाले.

"पुढची सहाला आहे," कंडक्टर म्हणाला, आणि अँप खाली उतरवायला स्वतः हात लावला.

सहाच्या गाडीने तो गेला. कबूल केलेला दौरा. तो मोडलेला ठिणगीलाच आवडला नसता. पण मधल्या दोन तासांत तो आईसमोर बसला, आणि आईने त्याला एकच प्रश्न विचारला: "मामाला कमी ऐकू येतं म्हणालास, ते घराण्यात आहे की एकट्यालाच?" एकट्यालाच, म्हटल्यावर तिने चहा टाकला. तीन महिन्यांत त्याच्याकडून अकरा कॅसेटी आल्या. सगळी रडकी गाणी, आणि एकही धड रडेना.

आता दुकानात स्पीकर तपासायला वेगळीच कॅसेट आहे. तो परतल्यावर मागच्या खोलीत, टेबलाशीच केलेली. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात लांब सुरावर त्याचं बोट घसरतं. ठिणगी म्हणते, मुद्दाम घसरवतो. "हात्तिच्या!" येतं, आणि त्याच्यापाठोपाठ अगदी बारीक, एका बाईचं हसू. हसू ऐकू आलं तर स्पीकर पास. आणि दुकानाच्या जुन्या स्पीकरवर, नवा पडदा बसल्यावर, आईने एक चिठ्ठी चिकटवली आहे. अक्षर वेडंवाकडं, पण लांबून वाचता येतं:

"सकाळी आधी हा ऐकणे."