आता पुरे!

कानावर हेडफोन असले की माणसाला वाटतं, आपण अगदी हळू बोलतोय. मलाही तसंच वाटलं. रेकॉर्डच्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मी पुटपुटले, “शी! काय भिकार आहे हे!”

अख्खं दुकान वळून बघायला लागलं. समोर एक रेकॉर्ड-प्लेयर उघडून बसलेला उंच माणूस दातात स्क्रू धरून हसत होता.

“जरा मोठ्यानं बोला,” मी हेडफोन काढल्यावर तो म्हणाला. “पलीकडच्या चपलावाल्याला नीट ऐकू गेलं नाही.”

माझे कान तापले. “तुम्हाला आवडतात हे गोंगाटराव?”

“जीव आहे माझा त्यांच्यावर.”

गोंगाटराव हे काही त्या रॉक-संगीतकाराचं खरं नाव नव्हे. पहिल्या रेकॉर्डवर एका बड्या समीक्षकानं ‘हा निव्वळ गोंगाट’ असं लिहिलं, आणि या पठ्ठ्यानं पुढच्या रेकॉर्डवर तेच नाव छापून टाकलं. मग सुटलाच तो. वर्षाला तीन-तीन रेकॉर्ड! कधी मंत्र्याच्या घोरण्यावर रॉक, कधी न्यायाधीशाच्या कवळीवर, आणि मध्येच अशी अवघड सुरावट की वाजवणाऱ्यांना घाम फुटावा. समीक्षकांनी आधी नाकं मुरडली, मग त्याला चावट म्हटलं, मग ‘एवढं काढतो म्हणजे उथळच असणार’ म्हणून ऐकायचंच सोडलं. आता गोंगाटरावांचे हात थरथरू लागले, शेवटचा दौरा जाहीर झाला, तसे ते एकाएकी सगळ्यांना थोर वाटायला लागले. ही सगळी हकीकत मला आमच्या मासिकासाठी लिहायची होती.

“या समीक्षकांत सगळ्यांत दुष्ट कोण, माहितेय?” तो उंच माणूस म्हणाला. “ती ‘कानसेन’ नावानं लिहिणारी बाई. नव्या रेकॉर्डवर दोनच शब्द लिहिले तिनं, ‘आता पुरे!’ भेटली ना, तर सोडणार नाही तिला.”

“नका सोडू,” मी म्हणाले. “मीच ती.”

दातातला स्क्रू टेबलाखाली गेला. तो शोधायला आम्ही दोघंही वाकलो आणि... टाळकी आपटली!

त्यानंतर लेखाच्या निमित्तानं मी रोज जाऊ लागले. दुकान त्याच्या आत्याचं होतं. गल्ल्यावर बसून ती सगळं ऐकायची आणि काही ऐकलं नाही असं दाखवायची. तो एकेक रेकॉर्ड लावायचा, मी नावं ठेवायचे. कधी एकच हेडफोन दोघांत धरून ऐकायचो. त्याच्या मनगटाला मशीनच्या तेलाचा वास यायचा... मला तो आवडायला लागला होता. वासही.

“हे गाणं वाईट आहे, कबूल कर,” एकदा मी म्हणाले. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नव्हतं.

त्यानं डोळे मिटून पुन्हा ऐकलं. “थोडं... लांबलंय.”

“थोडं?”

“बरं बाई, रटाळ आहे! झालं समाधान?”

हट्टी माणूस असा हार मानतो तेव्हा फार गोड दिसतो. मी घाईघाईनं रेकॉर्डचं वेष्टन वाचायला घेतलं.

मग एके दिवशी तो सहज म्हणाला, “दौऱ्यावर वाद्यं सांभाळायला बोलावलंय मला. परवा निघतोय.”

“वा!” मी म्हणाले. एवढंच! शब्दांवर पोट भरणारी बाई मी, आणि नेमक्या वेळी सुचलं ते एकच अक्षर.

दुसऱ्या दिवशी छपाईआधी माझाच लेख माझ्याकडे तपासायला आला. शेवटचं वाक्य होतं, ‘आम्ही समीक्षक बहिरे नव्हतो, पण माणूस निघाला की मगच आम्हाला तो आवडतो.’ वाचता वाचता मी पेन खाली ठेवलं आणि तडक दुकान गाठलं.

तो हत्यारं भरत होता. त्याच्याकडे बघायचं धाडस होईना. मी स्टुलावर बसले, हेडफोन चढवले, तीच नवी रेकॉर्ड लावली आणि त्याची पाठ वळल्यावर अगदी हळूच, स्वतःशीच म्हणाले, “रेकॉर्ड अजूनही भिकारच आहे... पण हा माणूस मला भयंकर आवडतो. जाऊ नये असं वाटतं.”

गिऱ्हाईकं थबकली. आत्याच्या हातातली नाणी तशीच राहिली. रस्त्यापलीकडे चपलावाला उठून उभा राहिला होता.

अरे देवा! पुन्हा?

तो आला, माझे हेडफोन अलगद काढले. “या वेळी चपलावाल्यालाही नीट ऐकू गेलं,” तो म्हणाला. त्याचेही कान लाल झाले होते. “मी... कधीची वाट बघत होतो. तीन महिन्यांनी परत येतोय. तोवर तुझं मत बदललं तर?”

“माझी मतं सहजासहजी बदलत नाहीत. रेकॉर्डचंच बघ ना.”

त्यानं माझा हात घट्ट धरला.

“सोड, लोक बघतायत...”

“कानसेन भेटली तर सोडणार नाही, म्हटलं होतं ना?”

तेवढ्यात गल्ल्यावरून आत्या ओरडली, “आता पुरे! गिऱ्हाईकं खोळंबलीयत!”

आयुष्यात पहिल्यांदाच मला ते दोन शब्द अत्यंत अन्यायकारक वाटले.